चांगलं खाल्लेली मधमाशी फवारणी जास्त सोसते का?

बांधावरची
माझ्याकडे बारा पेट्या आहेत, सगळ्या मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाशीच्या. सहा ओढ्याकाठच्या झुडपांत, सहा सूर्यफुलाच्या सलग शेताला लागून. दोन्ही जागांत अंतर जेमतेम सहाशे मीटर. मागच्या महिन्यात मधल्या एका शेतात फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहते तर दोन्हीकडे पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा सडा. किती तरी वेळ तिथेच बसून होते. काही पाठीवर पडून पाय झाडत होत्या, काही एकाच जागी गोल गोल फिरत होत्या, आणि आतून येणाऱ्या माश्या एकेकीला ओढत आणून खाली टाकत होत्या.

पहिले दोन दिवस दोन्हीकडे सारखेच वाईट गेले. नंतर मात्र फरक पडत गेला. ओढ्याकडच्या सहाही पेट्या तीन आठवड्यांत सावरल्या. सूर्यफुलाकडच्या सहापैकी चार संपल्या.

मला छळणारी गोष्ट अशी की संपलेल्या पेट्या वजनाला जड होत्या. त्यांना मी साखरपाक हात न आखडता दिला होता. उपाशी म्हणाव्यात अशा त्या नव्हत्या. पण त्यांच्या चौकटींवर पराग एकाच रंगाचा, गडद पिवळा. ओढ्याकडच्या चौकटीवर पाच-सहा रंग दिसतात: करडा, शेंदरी, फिकट हिरवा, विटकरी.

तर प्रश्न हा की खाण्याचा आणि विष सोसण्याचा खरंच काही संबंध असतो का? की मी उगाच दोन गोष्टींची गाठ मारतेय? ज्यांनी पेट्या सांभाळल्यात किंवा यावर वाचलंय, त्यांनी कृपया लिहा.

दुपारचा_चहा
वाचतोय. विषय कधी डोक्यातच आला नव्हता.

तिरपं_ऊन
ताई, नुकसान वाचून वाईट वाटलं. पण सहा-सहा पेट्यांवरून निष्कर्ष काढण्याआधी काही गोष्टी तपासा. वारा कुठल्या दिशेला होता? त्या दिवशी कुठल्या पेट्यांच्या माश्या फवारलेल्या शेतात जास्त जात होत्या? सहाशे मीटर म्हणजे माशीला काहीच नाही, ती दोन-तीन किलोमीटर सहज फिरते. पण प्रत्येक पेटीचा स्वतःचा कल असतो. शेजारशेजारच्या दोन पेट्याही वेगवेगळ्या दिशांना जातात.

दुसरं, मेलेल्या माश्यांची सोंड बाहेर आलेली होती का? विषबाधेत बहुतेक वेळा ती लांब बाहेर लोंबते. उपासमारीत माश्या घरांमध्ये डोकं खुपसून मेलेल्या सापडतात, नुसती शेपटं दिसतात. तुम्ही काय पाहिलंत?

बांधावरची
@तिरपं_ऊन, सोंडा बाहेर होत्या, दोन्हीकडे. घरांत डोकं घालून मेलेली एकही सापडली नाही. ज्या चार संपल्या त्यांत शेवटी राणी, तिच्याभोवती मूठभर माश्या, आणि शेजारी पाकाने भरलेल्या चौकटी असं दृश्य होतं. भरल्या घरात माणसं नाहीत, तसं.

कीटकवेडी
संबंध असतो, आणि हे कळून बराच काळ लोटलाय. १९८३ सालीच वाल आणि उल्म या दोघांनी दाखवलं होतं की कोवळ्या वयात पुरेसा आणि चांगल्या प्रतीचा पराग मिळालेल्या माश्या कीटकनाशकांना कमी बळी पडतात. नंतर हा विषय मागे पडला आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुन्हा वर आला.

आत काय घडतं ते सांगते. विष पोटात गेलं की ते तोडण्याचं काम काही विकरं (एन्झाइम) करतात. त्यांतलं एक मोठं घराणं म्हणजे पी-४५०. आपल्या यकृतातही त्याच घराण्यातली विकरं असतात. २००६ मध्ये मधमाशीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा लक्षात आलं की तिच्याकडे या घराण्याची जनुकं फक्त ४६ आहेत. फळमाशीत ती ८५ आहेत आणि ॲनोफिलिस डासात शंभराहून जास्त. म्हणजे हत्यारं मोजकीच.

आता आहाराचा भाग. इलिनॉय विद्यापीठात मे बेरेनबाम यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की पॅरा-कुमॅरिक आम्ल नावाचं एक द्रव्य माशीच्या पोटात गेलं की ही विष तोडणारी जनुकं जोमाने कामाला लागतात. जंतूंशी लढणारी काही जनुकंही त्याबरोबर जागी होतात. हे द्रव्य परागकणाच्या कवचाचाच घटक आहे, त्यामुळे परागात असतं आणि मधातही उतरतं. ते खाल्लेल्या माश्यांच्या मध्यांत्राने कुमाफॉस हे औषध साधारण ६० टक्के जास्त वेगाने तोडलं. कुमाफॉस म्हणजे माश्यांवरच्या वरोआ या परजीवी कोळ्यासाठी पेटीतच वापरतात ते.

साखरपाकात हे द्रव्य नसतं. ताई, तुमच्या पेट्या जड होत्या, पण कशाने जड होत्या हे बघायला हवं.

अर्धविराम
म्हणजे डॉक्टर सांगतात ना, रिकाम्या पोटी गोळी घेऊ नका, तसंच काहीसं?

कीटकवेडी
@अर्धविराम, अगदी तसं नाही. पोट साखरेनेही भरतं. इथे मुद्दा असा की खाण्यातलंच एक द्रव्य शरीराला सांगतं, ‘हत्यारं काढा’. ते द्रव्य आलं नाही तर हत्यारं म्यानातच राहतात.

अर्धविराम
आता समजलं. माशीसाठी मध हा नुसता डबा नाही, डब्यासोबतची चिठ्ठीही आहे.

पुष्पगंधा
डबा आणि चिठ्ठी, किती छान! हे मी शाळेतल्या मुलांना सांगणार.

पेटीवाला
चाळीस वर्षं पेट्या सांभाळतोय. जनुकं-बिनुकं मला कळत नाहीत, पण पराग कमी पडलेली पेटी मी झाकण उघडल्या उघडल्या ओळखतो. कशी, ते सांगतो. चौकट उन्हाकडे तिरपी धरायची आणि दोन-तीन दिवसांच्या अळ्यांच्या घरात बघायचं. पेटी सुखी असेल तर अळी दुधाळ रसात तरंगत असते, चौकट हलवली की रस चकाकतो. परागाची टंचाई असेल तर अळी कोरड्या तळाशी चिकटलेली दिसते, भोवती नुसती ओलसर कड. मी त्यांना ओली पिलावळ आणि कोरडी पिलावळ म्हणतो. कोरडी दिसली की समजायचं, दाई-माश्यांच्या अंगातच काही उरलं नाही, त्या देणार कुठून?

साखर म्हणजे सरपण. चूल पेटते, पण सरपण खाऊन कुणाचं अंग धरत नाही. एक पोळं वर्षाकाठी वीस-तीस किलोच्या घरात पराग खातं. त्याची जागा पाक कशी घेईल? पाक द्यावा, जरूर द्यावा, पण टंचाईत जीव तगवण्यापुरता. आणि पाक करताना आम्ल घालून उकळत बसू नका. उकळीत त्या साखरेतून एचएमएफ तयार होतं, ते माश्यांना बाधतं. गरम पाण्यात साखर विरघळवा, बस.

बांधावरची
काका, मनापासून आभार. तुम्ही म्हणता तशी चौकट तिरपी धरून कधी पाहिलीच नव्हती. उद्या पाहते. राहिलेल्या दोन पेट्यांत काय दिसतं ते लिहीन.

रानोमाळ
मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे परागाचे गोडवे गाताहेत, पण विष येतं तेही परागातूनच ना? बियाण्याला चोळलेलं आंतरप्रवाही औषध मुळांतून वर चढतं आणि फुलापर्यंत पोहोचतं. माशी ते पराग म्हणून गोळा करते, पोळ्यात साठवते आणि पिलांसाठी रस करणारी दाई-माशी तेच खाते. जास्त पराग खाल्ला की जास्त विषही पोटात. मग ‘पराग खा, सुखी राहा’ हे इतकं सरळ राहत नाही.

आणि माशी स्वतःहून ते टाळेल असं कुणाला वाटत असेल तर तसं होत नाही. २०१५ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी माश्यांना दोन प्रकारचं साखरपाणी दिलं, एक साधं आणि एकात इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम मिसळलेलं. माश्यांच्या तोंडातल्या चवीच्या पेशींना ही औषधं कळतच नाहीत असं दिसलं. उलट त्या औषध असलेल्या पाण्याकडे जास्त वळल्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. जिला चव कळत नाही तिला आपण ‘निवड’ कशी द्यायची?

कीटकवेडी
@रानोमाळ, तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. पराग हा ताकदीचाही मार्ग आहे आणि बाधेचाही.

एक गोष्ट मात्र जोडते. पोळ्यात दाई-माश्या गाळणीसारखं काम करतात. त्या स्वतः पराग खातात, पचवतात आणि डोक्यातल्या ग्रंथींमधून रस काढून अळ्यांना, राणीला देतात. परागात जेवढं औषध असतं त्याच्या मानाने त्या रसात फार कमी उतरतं. म्हणजे पिलांच्या वाट्याचं विष दाई-माशी आपल्या अंगावर घेते. हे वाचलं की माझे हात जोडले जातात. पण गाळणी धड राहायची तर तिचं पोषण हवं. पुन्हा तिथेच येतो आपण.

पेन स्टेट विद्यापीठात २०१४ मध्ये झालेल्या कामात माश्यांचे गट करून एकाला खरा पराग, एकाला सोयाचं कृत्रिम खाद्य आणि एकाला काहीच प्रथिन न देता ठेवलं होतं. मग क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक दिलं. पराग खाल्लेला गट जास्त टिकला. सोया प्रथिन म्हणून बरं दिसतं, पण परागाची बरोबरी त्याला करता आली नाही.

तिरपं_ऊन
वादासाठी वाद घालत नाही, पण ‘मधमाशीकडे हत्यारं कमी म्हणून ती नाजूक’ हे वाक्य जपून वापरावं. २०१० मध्ये दोघा संशोधकांनी निरनिराळ्या कीटकनाशकांचे आकडे एकत्र करून मधमाशीची इतर कीटकांशी तुलना केली होती. त्यात ती सरसकट जास्त नाजूक निघाली नाही. काही औषधांना जास्त, काहींना कमी. जनुकांची संख्या मोजून उत्तर मिळत नाही, कुठलं हत्यार कुठल्या विषावर चालतं ते पाहावं लागतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे थायाक्लोप्रिड आणि इमिडाक्लोप्रिड. दोन्ही कीटकनाशकं निओनिकोटिनॉइड या एकाच घराण्यातली. पण इमिडाक्लोप्रिड माशीला नॅनोग्रॅमच्या हिशेबात मारतं, थायाक्लोप्रिडला मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे फरक हजारपटीच्या घरात. २०१८ मध्ये कारण सापडलं: सीवायपी-९क्यू-३ नावाचं पी-४५० घराण्यातलं एक विकर थायाक्लोप्रिड झपाट्याने तोडतं, इमिडाक्लोप्रिडवर मात्र त्याची मात्रा फारशी चालत नाही.

म्हणून बांधावरची ताई, सगळ्यांत आधी हे शोधा: फवारलं काय होतं? हत्यार लागू पडणारं विष असेल तर आहाराचा उपयोग होईल. नसेल तर कितीही रंगांचा पराग खाल्ला तरी तो जेमतेमच आधार देईल.

काळी_आई
मी फवारणारा माणूस आहे, म्हणून इथे लिहायला थोडा कचरलो. पण लिहितो, कारण आम्हालाही माश्या हव्यात. सूर्यफुलात माशी आली नाही तर दाणे पोचट राहतात.

आमच्याकडे खरी चूक होते ती टाकीत. कीटकनाशक फवारायचं असतं, बुरशीनाशकही द्यायचं असतं, मजूर एकदाच मिळतो, म्हणून दोन्ही एकाच पंपात. बुरशीनाशकाच्या डब्यावर माशीसाठी फार धोका लिहिलेला नसतो, त्यामुळे ते बिनधास्त फुलोऱ्यातही मारलं जातं. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं की काही बुरशीनाशकं माशीची विष तोडायची यंत्रणाच बंद पाडतात. तोवर मला हे माहीत नव्हतं. आता मी सूर्य बुडाल्यावर, माश्या घरी गेल्यावर फवारतो आणि दोन औषधं एकत्र करत नाही. आदल्या दिवशी शेजारच्या पेटीवाल्याला निरोप देतो. एक फोन, बाकी काही नाही.

ताई, तुमच्या शेजाऱ्याला भांडायला म्हणून नका जाऊ, विचारायला जा. सांगेल तो.

कीटकवेडी
@काळी_आई, तुम्ही लिहिलंत म्हणून हा धागा खऱ्या अर्थाने पूर्ण व्हायला लागला. कचरू नका.

तुम्ही सांगितलेली गोष्ट आकड्यांत अशी आहे. २००४ मध्ये प्रयोगशाळेत माशीच्या अंगावर औषधाचा थेंब ठेवून पाहिलं गेलं. प्रोपिकोनाझोल हे बुरशीनाशक सोबत असताना थायाक्लोप्रिडचा विषारीपणा ५५९ पट वाढला, ॲसिटामिप्रिडचा १०५ पट. इमिडाक्लोप्रिडचा मात्र दीडपटच. वर तिरपं_ऊन यांनी सांगितलेलं कोडं इथे जुळतं: जे विष माशी एरवी तोडू शकते, त्याच्याच बाबतीत हत्यार बोथट केल्याने फरक पडतो. शेतात डोस वेगळे असतात, त्यामुळे ५५९ हा आकडा शेताला जसाच्या तसा लावू नये. दिशा मात्र तीच.

आणि परागातली द्रव्यंही, उदाहरणार्थ क्वेर्सेटिन, हीच विकरं पचवतात. बुरशीनाशकाने ती अडवली की माशीला आपलं रोजचं जेवण पचवणंही जड जातं.

नाडीपरीक्षा
अवांतर, पण विषयाला धरून. आपल्या आतड्यांसारखं मधमाशीच्या आतड्यातही जिवाणूंचं एक ठरावीक कुटुंब असतं. स्नॉडग्रासेला, गिलियामेला, बायफिडोबॅक्टेरियम वगैरे. गंमत म्हणजे कोषातून निघालेल्या माशीचं आतडं जवळपास रिकामं असतं, हे जिवाणू तिला पोळ्यात वावरताना बहिणींकडूनच मिळतात. २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या कामात दिसलं की ग्लायफोसेट हे तणनाशक माशीला थेट मारत नसलं तरी हे कुटुंब विस्कटतं, आणि मग माश्या जंतूंना लवकर बळी पडतात. तेव्हा ‘माश्या मेल्या नाहीत म्हणजे सुरक्षित’ हे मोजमाप अपुरं आहे.

पुष्पगंधा
मी कुठेतरी वाचलं होतं की निलगिरीच्या परागात ओमेगा-३ कमी असतं आणि तो खाऊन माश्यांची स्मरणशक्ती मंदावते. खरं आहे का?

कीटकवेडी
हो, २०१५ चं इस्रायलमधलं काम. ओमेगा-३ कमी मिळालेल्या माश्या वासावरून शिकण्यात मागे पडल्या. फुलाची वाट आठवण्यावर जिचं पोट अवलंबून, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. त्यात काही कीटकनाशकंही नेमका घरी परतण्यावरच घाव घालतात. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर बारीक चिप लावून हे पाहिलं होतं. थायामेथोक्झाम दिलेल्या कित्येक माश्या परतल्याच नाहीत. अशा माश्या पेटीच्या तोंडाशी पडलेल्या दिसत नाहीत, त्यामुळे मोजल्याही जात नाहीत.

आणखी एक: माशीला स्टेरॉल (पेशींना लागणारं चरबीसारखं द्रव्य) स्वतः तयार करता येत नाही, ते परागातूनच यावं लागतं. ऑक्सफर्डच्या गटाने २०२५ मध्ये यीस्टकडून परागातली सहा स्टेरॉलं करवून घेतली आणि ती खाद्यात मिसळली. त्या खाद्यावरच्या पोळ्यांत कोषापर्यंत पोचणाऱ्या अळ्या १५ पटींपर्यंत जास्त होत्या. बाजारातल्या बहुतेक कृत्रिम खाद्यांत काय उणं आहे, ते यावरून कळतं.

रानोमाळ
चांगलं आहे, पण मला भीती वाटते की उद्या कुणीतरी म्हणेल, ‘हे घ्या ताकदीचं खाद्य, आता फवारायला मोकळे.’ माशीला बळकट करा म्हणजे विष चालेल, हा हिशेब मला मान्य नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइडांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो खाद्य कमी पडलं म्हणून नव्हे.

पेटीवाला
रानोमाळ, बरोबर बोललात. पोराला चांगलं खाऊपिऊ घालतो ते त्याने विष पचवावं म्हणून नाही घालत.

पण एक सांगतो. माझ्या हातात शेजाऱ्याचा पंप नाही. माझ्या हातात पेटी कुठे ठेवायची एवढंच आहे. म्हणून मी पेटी ठेवताना आधी फुलं मोजतो, एका पिकाची नाही, पडीकातली, बांधावरची, झाडांची. पीक दोन-तीन आठवडे फुलतं आणि संपतं, मग माशीने काय करायचं? आणि बाहेरून विकतचा पराग आणून घालू नका. त्यातून पिलांचे रोग येतात, फाउलब्रूडचे बीजाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतात. आपल्याच निरोगी पेटीतली परागाची चौकट उचलून दुसरीत द्यावी, ते सगळ्यांत चांगलं.

निळी_पेन्सिल
सूर्यफुलाला सरसकट नावं ठेवू नका एवढंच म्हणेन. त्याच्या परागात प्रथिन कमी, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं कमी हे खरं. पण २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात भुंग्यांना सूर्यफुलाचा पराग दिल्यावर त्यांच्या आतड्यातला एक परजीवी जबरदस्त घटला होता. एका जेवणात सगळं नसतं, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

अर्धविराम
एक बाळबोध प्रश्न. मरतात त्या तर शेतात जाणाऱ्या माश्या. त्या पराग खातच नाहीत, मध पिऊन उडतात असं वाचलंय. मग पराग चांगला की वाईट, याने त्यांना काय फरक पडणार?

तिरपं_ऊन
हा प्रश्न बाळबोध नाही, धाग्यातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कालपासून मी त्यावरच कागदावर आकडे मांडत होतो.

अंडं ते माशी २१ दिवस: तीन अंड्याचे, सहा अळीचे, बारा बंद घरातले. बाहेर आल्यावर पहिले आठ-दहा दिवस ती भरपूर पराग खाते, तेव्हाच तिचं अंग भरतं, व्हिटेलोजेनिनसारखी साठवणीची प्रथिनं तयार होतात. साधारण तीन आठवड्यांची झाली की ती शेतात जायला लागते. म्हणजे आज शेतात गेलेल्या माशीची ताकद ठरली ती दोन-तीन आठवड्यांपूर्वीच्या परागावर, आणि ती अळी असताना काय मिळालं हे मोजायचं तर पाच-सहा आठवडे मागे जावं लागतं.

म्हणून ताई, तारखा हव्यात. सूर्यफुलाजवळ पेट्या कधी नेल्या? त्याआधी त्या कुठे होत्या? फवारणी कधी?

बांधावरची
वही काढली. बाराही पेट्या आधी ओढ्याकाठीच होत्या. त्यांतल्या सहा सूर्यफुलाकडे नेल्या त्या फवारणीच्या बरोबर ११ दिवस आधी.

आणि शेजाऱ्यांकडे जाऊन आले. काळी_आई, तुम्ही म्हणालात तसं विचारायला म्हणून गेले. काकूंनी चहा ठेवला, त्यांनी गोठ्यामागून दोन रिकामे डबे आणून दाखवले: लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन आणि प्रोपिकोनाझोल. एकाच पंपात, सकाळी नऊला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी आदल्या दिवशी फोन करेन म्हणाले.

कीटकवेडी
सायहॅलोथ्रिन म्हणजे पायरेथ्रॉइड या घराण्यातलं कीटकनाशक, आणि पायरेथ्रॉइडं तोडण्यात पी-४५० विकरांचा मोठा हात असतो. आहाराने फरक पडावा असं हे विष आहे. पण सोबतच्या कोनाझोलने नेमकं तेच हत्यार अडवलं असणार. लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन आणि या जातीची बुरशीनाशकं मिळून माशीला जास्त घातक ठरतात हे १९९३ पासून नोंदलेलं आहे.

तिरपं_ऊन
आणि ११ दिवसांनी चित्र जुळतं. बघा, फवारणीच्या दिवशी शेतात गेलेल्या माश्या तीन आठवड्यांहून मोठ्या. म्हणजे दोन्ही जागच्या शेतमाश्या कोवळ्या वयात ओढ्याकाठचाच पराग खाऊन वाढलेल्या, एकाच ताटातल्या. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांचा सडा दोन्हीकडे सारखा.

फरक होता तो घरात. सूर्यफुलाकडच्या दाई-माश्या एकाच परागावर पोसलेल्या. शेतमाश्या गेल्यावर त्यांना वेळेआधी बाहेर पडावं लागलं, मागे पिलांना भरवायला कुणी धड उरलं नाही, आणि जी पिलं निघाली ती कमजोर. ओढ्याकडे मात्र मागची फळी भक्कम होती.

तेव्हा तुमच्या बारा पेट्यांपुरतं माझं मत असं: चांगल्या आहाराने पहिला घाव अडवला नाही, घावातून उठणं शक्य केलं. रानोमाळ यांची शंका अजून उभी आहे, सूर्यफुलाच्या परागातच आधीपासून काही औषध असेल तर? चौकटीचा पराग-साठ्याचा तुकडा कापून, तारीख टाकून फ्रीझरमध्ये ठेवा. तपासणी पुढे-मागे करता येईल, नमुना पुन्हा मिळणार नाही.

पुष्पगंधा
अंगावर काटा आला. अर्धविराम, तुमच्या प्रश्नाला सलाम.

रानोमाळ
पटलं. नमुना जरूर ठेवा ताई.

बांधावरची
नमुना ठेवलाय, दोन्ही जागांचा, वेगवेगळ्या पिशव्यांत.

आता राहिलेल्या दोन पेट्यांचं. काकांनी सांगितल्यासारखी चौकट उन्हाकडे तिरपी धरली. कोरडी पिलावळ. अळ्या तळाला चिकटून, कडेला नुसती ओल. इतकी वर्षं मी चौकटी बघतेय आणि हे मला दिसलंच नव्हतं. लगेच ओढ्याकडच्या दोन धडधाकट पेट्यांतून रंगीत परागाची एकेक चौकट काढली आणि या दोघींना दिली. पाक थांबवला, त्यांच्याकडे तो आहेच. संध्याकाळी दोन्ही पेट्या उचलून पहिल्या जागेपासून पाच किलोमीटरवर, पडीकाच्या कडेला नेल्या, म्हणजे माश्या जुन्या ठिकाणी परत जायच्या नाहीत.

आज नववा दिवस. सकाळी एक उघडली. मधल्या चौकटीवर पराग तीन रंगांचा दिसला, त्यातला विटकरी रंग इथलाच, नवा. राणी कडेकडेने फिरत होती. चौकट तिरपी केली तेव्हा तळहाताएवढ्या जागेतल्या अळ्यांभोवती पांढरा रस हलताना दिसला. दुसरीत अजून कोरडंच आहे, पण अंडी आहेत. रविवारी पुन्हा बघते आणि लिहिते.